सुतकातलं तेल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे रिठे फोडणं.

शेतातून नुकतेच आलो होतो. पोटऱ्यांवरचा धानाच्या बांधीतला चिखल वाळून तडकत होता, पाय धुवायचे राहिले होते. मंदाची माय ओट्यावर पाय पसरून बसली. ती वरवंट्यानं रिठा ठेचायची आणि माझ्याकडे ढकलायची, मी बी काढून टरफल बादलीत टाकायचो. मंदा आमची एकुलती पोरगी, नागपूरला दिली आहे. म्हणून ही मंदाची माय आणि मी मंदाचे बाबूजी. सारा जन्म याच नावांनी हाका मारल्या.

"बोटाले मेंदी लावली काय जी? एक बी काढाले येवढा टाइम?"

"तू फोडून राहिली का चेंदून राहिली? टरफलात सारा चुरा येऊन राहिला."

"येऊ द्या. तुमाले त्याची खीर थोडीच घालाची आहे."

बादलीत पाणी ओतून तिनं वर लाकडी पाट झाकला. म्हणाली, "उद्या सकाळी मी गाळून देते. मधात झाकण उघडू नका. फेस पाहाची लय हौस आहे तुमाले."

मग आम्ही जेवलो. भात आणि अंबाडीची भाजी. हात धुऊन ती बाजेवर आडवी झाली. चहाच्या वेळी उठवायला गेलो तर उठली नाही. डॉक्टर आला, त्याला जे सांगायचं ते त्यानं सांगितलं. बस. त्या दुपारबद्दल याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. मला बांधीबद्दल बोलता येतं, तेच लिहितो.

पोळा झाला, गणपती गेले, पुन्हा तेच दिवस आले आहेत. धान गर्भावर आलं आहे. पाऊस थांबला की असं ऊन पडतं, जसा ओल्या पोत्याखाली कोणी इस्तव ठेवला. बांधीतलं पाणी कोमट, वारा बंद, शर्ट पाठीला चिकटलेला. माणसाला ही हवा नकोशी होते आणि तुडतुड्याला तीच माहेरासारखी वाटते. कोंड्याच्या कणाएवढा भुरका किडा. शेंड्यावर कधी दिसायचा नाही. धानाच्या बुडाशी, पाण्याच्या जरा वर, गाईच्या अंगाला गोचीड लागावा तसा चुडाला, म्हणजे धानाच्या ठोंबाला, लागून बसतो आणि रस पितो. वरून पाहाल तर बांधी हिरवीगार. शेतकरी धुऱ्यावरूनच, बांधावरूनच, पाहून घरी जातो आणि चहा पिता पिता सांगतो, यंदा धान झकास आहे. थोड्या दिवसांनी मधात एक गोल चट्टा वाळलेला दिसतो, जणू कोणी तापलेला तवा पालथा घातला. मग दुसरा तवा. मग सारी बांधीच तवा.

काल गोविंदा आला होता. माझा धाकटा भाऊ, त्याची बांधी माझ्या बांधीला लागून. ओट्याखाली उभा राहून उगाच चप्पल घासत होता.

"दादा, करंजाचं तेल उरलं असन तर..."

"उरलं नाही. ठेवलं आहे."

"माह्यासाठी?"

"ज्याले लागन त्याच्यासाठी. आधी बुडात चूड झोडून पाह, काय पडते ते मले दाखव. किडा नसन तर एक थेंब देत नाही."

तो हसला. "वहिनी बी असंच तोडून बोले."

"मंग? घरात तिचंच बोलणं राहिलं आहे."

तेलाच्या डबकीकडे त्यानं काल ज्या आशेनं पाहिलं, ती आशा मागच्या वर्षी त्याच्या डोळ्यांत नव्हती. ते पुढं येईल.

आमच्या जवानीत दवाई म्हणजे दवाई होती. एक झाकण पंपात टाका, फवारा मारा, तासाभरानं बुडात पाहा, किडे पाण्यावर तरंगताना दिसायचे. सोबत बारक्या मासोळ्याही तरंगायच्या, ते कोणी सांगायचं नाही. मग एका झाकणानं भागेना. दोन झाकणं झाली. मग एका पंपात दोन दवाया, मग तीन. दुकानदार म्हणे, हेही टाकून पाहा. आम्ही टाकून पाहायचो. कोळी मेले, बेडूक धुरा सोडून गेले, आणि तुडतुडा जिथल्या तिथं. किडे खाणारे मरत गेले, धान खाणारा राहिला.

एका हंगामात मी स्वतःच बांधीत आडवा झालो. वारा फिरला होता आणि मी तोंड फिरवलं नव्हतं. डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडाला पाणी सुटलं. मंदाच्या मायनं मला काखेत हात घालून ओढत धुऱ्यावर आणलं, कपडे काढून तलावाच्या पाण्यानं धुतलं आणि दवाखान्यात नेलं. बरा होऊन घरी आलो तर म्हणाली, "आता मी असल्याशिवाय पंप पाठीवर घ्याचा नाही." तेव्हापासून फवारणीच्या दिवशी ती धुऱ्यावर उभी. काम एकच, वारा पाहायचा आणि ओरडायचं. "वारा फिरला, थोबाड फिरवा." आणि दुसरं ओरडणं, "बुडात मारा जी, बुडात. धानाले आंघोळ घालून राहिले काय?" रस्त्यावरून जाणारे हसायचे. म्हणायचे, बुढीनं बुढ्याला बैलासारखा जुंपला आहे. जुंपला होता खरा.

मग शेतकी कॉलेजातून मॅडम आल्या. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर दप्तर आणि दप्तरात काचेच्या बाटल्या. गावात त्या बांधीचा एक पट्टा मागत फिरत होत्या, प्रयोगासाठी. लोक म्हणाले, आमच्या धानावर प्रयोग कायले, तुमच्या कॉलेजात करा. आमच्या ओट्यावर आल्या तेव्हा मीही तेच म्हणणार होतो. मंदाच्या मायनं आधी बसायला चटई टाकली आणि विचारलं, "दाखवता येते काय? का नुसतं सांगता?"

मॅडमनं दाखवलं. दोन बाटल्या काढल्या. एकीत आतून दवाई फिरवून सुकवलेली. दुसरीत तीच दवाई, तेवढीच, पण सोबत थोडं करंजाचं तेल. आमच्याच बांधीतले तुडतुडे नळीनं ओढून दोन्हींत सोडले. पहिल्या बाटलीतले किडे काचेवर चालू लागले. जहरावर चालत होते आणि असे चालत होते जसे बाजाराला निघाले. दुसऱ्या बाटलीतलेही चालले. मग एक घसरला. मग आणखी. मग सारे पाय वर करून तळाला. आत चुलीवर चहा उतू गेला, त्याचा जळका वास आला, तरी आमच्यातलं कोणी उठलं नाही.

मंदाच्या मायनं पहिली बाटली डोळ्याजवळ धरली. "हे तर आपल्या गावच्या पिणाऱ्यायसारखे झाले. रोज पिऊन पिऊन पचाले लागली."

मॅडम म्हणाल्या, "तसं नाही काकू. हे पिऊन शिकत नाहीत. ज्यांना आधीपासून पचत होतं ते उरले, बाकीचे मेले. मग उरलेल्यांचीच पिलावळ वाढली. त्यांच्या पोटात जणू जातं आहे. दवाई आत गेली की दळून टाकतं."

"मंग तेल काय करते? तेलानं मेले हे?"

"एवढ्याशा तेलानं नाही. नुसतं तेवढं लावून पाहिलं, मरत नाहीत. तेल जात्यात खडा घालतं. जातं अडलं, की दवाई तिचं काम करते."

तिनं बाटली खाली ठेवली. "म्हंजे दवाई वाढवाची नाही. त्याचं जातं बंद कराचं."

"तेच," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी तिखटमीठ न लावता बाकीचंही सांगितलं. प्रत्येक दवाईसोबत हे तेल चालत नाही, पडताळलेल्या दवाईसोबतच. तेल जास्त झालं तर पानं भाजतात. आणि दरवेळी तेच तेच केलं तर यालाही न अडणारे किडे उरतील. आधी चूड झोडून पाहायचं, गरज असेल तरच फवारायचं. आणि बांधीत तीन पट्टे ठेवायचे. एकात काहीच नाही, एकात नुसती दवाई, एकात तेल घातलेली दवाई. किड्याची पिलं निघाली की दोन्ही फवारे एकाच सकाळी. एक पट्टा चुकला तर साऱ्या हंगामाचं काहीच सांगता येणार नाही.

"चुकत नाही," मंदाची माय म्हणाली. मला विचारलं नाही.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "येवढी कायची घाई होती?" ती चहाचं भांडं घासत होती. म्हणाली, "मले समजलं पाहिजे. दरसाल अंदाजानं जहर कायले ओताचं? एक डाव पक्कं समजू द्या, मंग मेली तरी चालन." माणसं असं बोलतात. बोलताना त्याचा काही अर्थ नसतो.

करंजाची झाडं आमच्या तलावाच्या पाळीवर आहेत, कोणी लावली माहीत नाही. सावलीला बसतात, दातवणाला फांदी तोडतात, बाकी त्याला कोणी विचारत नाही. तिनं उन्हाळ्यात शेंगा वेचल्या. टोपलं कमरेवर, डोक्यावर ओला पदर. अंगणात शेंगा वाळायच्या आणि ती दगडानं फोडत बसायची. तिच्या हाताला तो कडू, उग्र वास लागला तो जाईना. भाकरी थापली तरी भाकरीला वास. मी कुरकुर केली तर म्हणाली, "खा, तुमच्या पोटातलं जातं बी जरा बंद पडू द्या."

लाखनीच्या घाणीवरून तेल काढून आणलं. हायवेवर ट्रकांची रांग, तिथंच उभे राहून बस धरली. डबकीचं झाकण जरा सैल होतं. दोन सीट पुढच्या बाईनं नाकाला पदर लावला. "काय मेलं आहे वो त्या डबकीत?"

"मेलं नाही बाई, माराले नेऊन राहिली," मंदाची माय म्हणाली. सारी बस हसली. उतरल्यावर तिनंच चूक दुरुस्त केली. "तेल मारत नाही, नाही जी? उगाच सांगून बसली." आता बस निघून गेली होती, कोणाला सांगणार.

रोवणीच्या वेळी तिनं दर काही ओळींनंतर मोकळी जागा सोडायला लावली, वारा खेळावा म्हणून. रोवणीच्या बायकांना ते पटेना. रिकामी जागा म्हणजे त्यांना फाटक्या लुगड्यासारखी दिसते. एक म्हणाली, "मावशे, मधातून येवढा रस्ता काढला, कोनाची वरात नेतं?" ती म्हणाली, "तुडतुड्याची. तुले बी बोलावते." पट्टे ओळखायला मॅडमनं खुंट्या दिल्या होत्या. दोन खुंट्यांना खताच्या पोत्याच्या चिंध्या बांधल्या. तेलाच्या पट्ट्याच्या खुंटीला तिनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून बांधला. मी विचारलं, याला पोतं काहून नाही? म्हणाली, "हा आपला आहे."

लोक मला सांगतात, तुमचं दोघांचं असंच होतं, तेल आणि दवाई, एकाशिवाय दुसरं काही कामाचं नाही. शहाणे लोक आहेत, चांगल्या मनानं सांगतात. मला ते पटत नाही. ती तेल नव्हती. एकटीच पुरून उरणारी बाई होती ती. आणि मी काही दवाई नाही. एकटा असलो तरी मी सकाळी उठतो, भात टाकतो, बांधीत जातो. माणूस गेला की मागचा निकामी होतो असं म्हणणं सोपं आहे. ती असती तर म्हणाली असती, निकामी व्हाले टाइम कोनाले आहे, धान गर्भावर आहे.

तर तो दिवस. रिठे फोडण्याआधी, सकाळीच, आम्ही चूड झोडायला गेलो होतो. ती पाण्याची परात बुडाशी धरायची, मी हातानं चुडाला थाप मारायचो. पाण्यावर बारीक पांढरट पिलं पडली, कण्या सांडल्यासारखी. दुसऱ्या जागी तसंच, तिसऱ्या जागी जास्त. तिनं परात माझ्यासमोर धरली. "निघाले. उद्याच माराचं. पंख फुटले का मंग हाती येत नाही." धुऱ्यावरूनच मंदाला फोन लावला, तिलाही हे सांगितलं. मॅडमला सांगितलं. घरी येऊन रिठे फोडले, कारण तेल पाण्यात मिसळायला रिठ्याचा फेस लागतो.

आणि दुपारी ती गेली.

मंदा संध्याकाळच्या आत पोचली. ऊन असतानाच आम्ही तिच्या मायला तलावाच्या पाळीखाली नेलं. परत आलो तर शेजारच्या बाया घरातलं पाणी ओतून देत होत्या. मौत झालेल्या घरात साठवलेलं पाणी ठेवत नाहीत. माठ पालथा, गुंड पालथा, गडवे पालथे. एकीनं रिठ्याच्या बादलीला हात घातला. मी जाऊन बादलीवरच्या पाटावर बसलो. लोखंडी बादली, माझं वजन तिनं घेतलं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांना वाटलं, बुढ्याचं डोकं गेलं.

गोविंदा समोर येऊन बसला. "दादा, ऊठ. फेकू दे ते पाणी."

"उद्या लागते."

"उद्या? उद्या तू फवारा मारतं?"

"हो."

"सुतक आहे, दादा. या घरात फोडणी पडत नाही, डोक्याले तेल लागत नाही, अन् तू तेल घेऊन बांधीत जातं?"

"भजे तळून राहिलो काय मी?"

"लोकं म्हणतीन, बायकोची राख निवाली नाही अन् बुढा पंप घेऊन निघाला."

"म्हणू दे. तुडतुड्याले सुतक पडते काय?"

"माह्या घरी बी सुतक आहे," तो म्हणाला. आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. त्याच्या वहिनीनं त्याला पोरासारखा वाढवला होता. "वहिनीचं सुतक आहे. येवढं तरी ठेव."

तो खोटं बोलत नव्हता. तेल न लावणं हे त्याचं रडणं होतं, आणि ते मी मोडायला निघालो होतो.

मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "काकाजी, पट्ट्याचं राहू द्या. पुढच्या वर्षी करू." मी म्हटलं, "काकू चुकत नाही म्हणाली होती, तुमी ऐकलं होतं." त्यांनी तेलाचं माप पुन्हा एकदा सांगितलं.

मंदा भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. गोविंदाला म्हणाली, "काकाजी, मायनं सकाळी मले फोन केला होता. म्हणाली, पिलं निघाले, उद्या फवारा आहे. बाबूजीले नाकाले फडका बांधाले सांगजो, मह्यं ऐकत नाही."

गोविंदा उठला आणि घरी गेला. माझ्याशी तो दिवाळीपर्यंत बोलला नाही. कापणीच्या वेळी धुऱ्यावर उभा राहून तिन्ही पट्टे पाहून गेला. एका पट्ट्यात पेंढाही धड राहिला नव्हता, दुसऱ्यात तवेच तवे, तिसरा, तेलाचा, एक कोपरा सोडून उभा. मॅडम म्हणतात, एका बांधीवरून पक्कं म्हणायचं नाही, यंदा आणखी लोकांच्या बांधीत पाहू. बरोबर आहे. पाहू. म्हणून तर डबकी भरून ठेवली आहे.

पण हे सारं नंतरचं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी पाट उचलला. रात्रभर भिजून पाणी गढूळ पिवळं झालं होतं. गाळायचं कसं, ते तिचं काम होतं. मी धोतराचा फडका लावून गाळलं, थोडं सांडलं. मॅडमनं सांगितलेल्या मापानं तेल घातलं, काठीनं घुसळलं. दुधासारखं पांढरं झालं, वर फेस आला. फेस पाहत थांबलो नाही. मंदानं पाठीमागून माझ्या नाकाला फडका बांधला, गाठ घट्ट मारली.

आधी नुसत्या दवाईचा पट्टा मारला. पंप धुतला, त्यात तेवढीच दवाई आणि तेलाचं पाणी भरलं. मग तेलाच्या पट्ट्यात उतरलो. धानावर दव होतं, ते मांड्यांना गार लागत होतं. करंजाचा वास आला आणि मला तिच्या हातची भाकरी आठवली. वाकलो, नळी बुडाशी नेली आणि थांबलो. धुऱ्याकडे पाहिलं. सवयीनं. वारा कुठून आहे ते मला कधी पाहावंच लागलं नव्हतं.

धुरा रिकामा होता. खुंटीवरचा हिरवा काठ हलला, माझ्या तोंडाकडे आला.

मी थोबाड फिरवलं, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथून सुरुवात केली. बुडात.